सर्व पुंजी एकाच सौद्यात लावावी काय?

व्यापाराच्या पानावर पत्त्यांच्या जुगाराची चर्चा पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पडल्याच पाहिजेत. सूरह बकरहमध्ये जुगारात मोठे पाप असल्याचे सांगितले आहे, सूरह माइदामध्ये त्यापासून दूर राहण्याचा हुकूम आहे, आणि या लेखात त्या हुकमाला कोठेही पळवाट काढून दिलेली नाही. मग हा विषय घेण्याचे कारण काय? कारण असे, की त्या जुगारातला एक शब्द आपल्या मुलांच्या तोंडी बसला आहे आणि तो शब्द घेऊन ही मुले दुकानात, कारखान्यात, बकऱ्यांच्या बाजारात उतरू लागली आहेत. तो शब्द म्हणजे 'ऑल इन'.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बकरीदला दीड महिना बाकी असताना माझा एक भाचा घरी आला. मुलगा कष्टाळू, पाच वक्ताचा नमाजी, तीन-चार वर्षे बकऱ्यांच्या धंद्यात मुरलेला. चहा घेता घेता म्हणाला, "मामू, या खेपेला ऑल इन करतोय." मला शब्द कळला नाही. त्याने समजावून सांगितले. स्वतःचे पाच लाख रुपये होते. सरासरी चौदा हजारांची साठ जनावरे घ्यायची, म्हणजे आठ लाख चाळीस हजार. चारा, ट्रक, राखणीची माणसे, जागा यांचे साठ हजार. एकूण नऊ लाख. कमी पडणाऱ्या चार लाखांपैकी अडीच लाख अम्मीच्या दागिन्यांवर उचलायचे, उरलेले दीड लाख घराचे कागद ठेवून एका ओळखीच्या माणसाकडून. माल देवनारला न्यायचा, वीस हजारांच्या भावाने विकायचा आणि तीन लाख नफा घेऊन परत यायचे. हिशेब कागदावर लिहून आणला होता. बेरजा बरोबर होत्या.

(दागिन्यांवरच्या कर्जाच्या व्याजाचा प्रश्न मी त्याला त्याच बैठकीत विचारला. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर आलिमांनी बोलावे. येथे फक्त पुंजीचे बोलू.)

मी त्याला हो किंवा नाही म्हणण्याआधी हा 'ऑल इन' म्हणजे नेमका काय प्रकार आहे याची माहिती काढली. ती काढल्यावर माझी अशी खात्री झाली, की ज्या खेळातून हा शब्द आला त्या खेळातले जाणते लोक त्याचा जो अर्थ घेतात, त्याच्या अगदी उलटा अर्थ आपली मुले घेत आहेत.

हा खेळ पोकर. अमेरिकेत त्याचा सर्वांत चालणारा प्रकार 'नो लिमिट टेक्सास होल्डेम' या नावाने ओळखला जातो. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पाने, मध्ये सर्वांसाठी मिळून पाच उघडी पाने, आणि सातांतून जो पाच पानांचा सर्वांत भारी हात जुळवील तो जिंकला. पाने उघडत जातात तसे खेळणारे पैसे वाढवत जातात. ज्याला परवडत नाही तो, तीन पत्तीत म्हणतात तसा, पॅक होतो. 'नो लिमिट' असल्यामुळे कोणत्याही क्षणी आपल्यासमोरच्या सर्व चकत्या मध्ये ढकलता येतात. त्यालाच 'ऑल इन' म्हणतात. त्यानंतर त्या खेळाडूला करण्यासारखे काही उरत नाही. पाने उघडायची आणि पाहायचे.

आता यातला एक नियम आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. त्याला 'टेबल स्टेक्स' म्हणतात. डाव सुरू झाला त्या वेळी जेवढे पैसे खेळाडूच्या समोर टेबलावर होते, तेवढेच त्या डावात हरता येतात. खिशातले काढून घालता येत नाहीत, घड्याळ लावता येत नाही, घराचे कागद लावता येत नाहीत. समोरच्याने जास्त लावले तर ती जास्तीची रक्कम वेगळी काढली जाते आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत ते आपसात तिच्यासाठी खेळतात. सिनेमात जमीनजुमला लावताना दाखवतात ते सोडून द्या. जुगाराच्या अड्ड्याने सुद्धा ही मर्यादा पाळली आहे, कारण ती नसेल तर ज्याच्याकडे जास्त पैसा तो प्रत्येक डाव फक्त धमकीवर जिंकेल.

दुसरी गोष्ट. जो मनुष्य या खेळावर पोट भरतो तो आपली सगळी पुंजी टेबलावर आणतच नाही. एकूण पुंजीचा विसावा हिस्सा, फार तर त्याच्या आसपासची रक्कम घेऊन बसावे, असा त्यांच्यातला जुना दंडक आहे. म्हणजे हा जाणता खेळाडू मोठ्या आवाजात 'ऑल इन' म्हणतो तेव्हा तो शंभरातले पाच रुपये लावत असतो. माझा भाचा 'ऑल इन' म्हणाला तेव्हा त्याने शंभर रुपयांवर आणखी ऐंशी रुपये उसने घेऊन लावायचे ठरवले होते, आणि आईचे दागिने व डोक्यावरचे छप्पर त्या ऐंशी रुपयांमागे उभे केले होते.

ज्या माणसामुळे हा शब्द जगभर पसरला त्याची हकीकत यासाठीच मुळातून पाहावी. ख्रिस मनीमेकर हा अमेरिकेतील टेनेसी राज्यातला एक हिशेबनीस. २००३ साली लास वेगासच्या मोठ्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते आणि पहिले बक्षीस पंचवीस लाख डॉलर होते. शेवटी दोघेच उरले असताना त्याच्या हातात राजा आणि सत्ती होती. जुळेल म्हणून ज्या पानांची वाट पाहिली ती आलीच नाहीत. हात रिकामा. तरी त्याने सर्व चकत्या मध्ये ढकलल्या. समोरचा सॅम फारहा हा मुरलेला खेळाडू नव्वींची जोडी हातात असून पॅक झाला. स्पर्धा मनीमेकरने जिंकली आणि त्या एका डावाची चित्रफीत पाहून लाखो मुले या नादाला लागली.

चित्रफितीत जे दिसत नाही ते असे. स्पर्धेत त्याच्यासमोरच्या चकत्या लाखोंच्या दिसत होत्या, पण त्या स्पर्धेच्या चकत्या होत्या. खिशातले डॉलर नव्हते. इंटरनेटवरच्या एका छोट्या स्पर्धेतून त्याला या मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळाला होता आणि त्यासाठी त्याच्या खिशातून शंभर डॉलरपेक्षाही कमी रक्कम गेली होती. शिवाय बक्षिसातला काही हिस्सा त्याने आधीच वडिलांना आणि एका मित्राला विकून ठेवला होता. हरला असता तर सोमवारी कचेरीत जाऊन पुन्हा वह्या लिहू लागला असता. याला म्हणतात त्यांचे 'ऑल इन'.

याच खेळातला दुसरा मनुष्य स्टू उंगर. ही मोठी स्पर्धा त्याने १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा जिंकली. पत्ते खेळण्यात त्याच्या तोडीचा कोणी झाला नाही असे त्याचे विरोधकही म्हणत. पण टेबलावरचा आणि टेबलाबाहेरचा पैसा असा भेद त्याने कधी केला नाही. पोकरमध्ये मिळवले ते घोड्यांवर आणि इतर पैजांवर लावले, अमली पदार्थांचे व्यसन होते ते निराळेच. नोव्हेंबर १९९८ मध्ये लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलात तो मेलेला सापडला तेव्हा जवळ हजार डॉलर सुद्धा नव्हते. दफनाचा खर्च परिचितांनी गोळा केला. तरुणांना मनीमेकर माहीत असतो, उंगर माहीत नसतो.

कोणी म्हणेल, जुगाऱ्यांचे जाऊ द्या, पण नक्की नफ्याचा सौदा असेल तर सर्व पैसा का लावू नये? याचे उत्तरही हिशेबानेच देता येते. पोकरमध्ये सुरुवातीला मिळू शकणारा सर्वांत भारी हात म्हणजे दोन एक्के. समोर दोन राजे असले तर एक्के शंभरातून साधारण ब्याऐंशी वेळा जिंकतात. व्यापारात शंभरातून ब्याऐंशी वेळा यश देणारा सौदा मिळाला तर आपण त्याला नक्कीच म्हणू. पण असा डाव सर्व पुंजी लावून लागोपाठ पाच वेळा खेळला, तर पाचही वेळा वाचण्याची शक्यता शंभरात सदतीस. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश माणसे त्या पाच डावांत कधी ना कधी रस्त्यावर येतात, आणि तेही प्रत्येक वेळी उत्तम पाने हातात असताना. आणि एकदा सर्व गेले की पुढचा चांगला सौदा दारात आला तरी घेता येत नाही.

१९५६ साली अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन केली नावाच्या शास्त्रज्ञाने याचे गणित मांडले. जिंकल्यास लावले तेवढेच मिळणार आणि हरल्यास लावले तेवढेच जाणार, असा व्यवहार असेल आणि यशाची खात्री शंभरात साठ असेल, तर त्याच्या सूत्राप्रमाणे पुंजीचा पाचवा हिस्सा लावावा. खात्री शंभरात ऐंशी असेल तर साठ टक्के. सर्वच्या सर्व लावण्याची पाळी तेव्हाच येते जेव्हा खात्री शंभरात शंभर असते. आणि पुढे काय होणार याची शंभर टक्के खात्री अल्लाहशिवाय कोणालाही नाही, हे आपल्याला केलीने सांगायला नको.

बकऱ्यांच्या बाजारात उभा राहिलेला कोणीही सांगेल, की तेथे शंभरात ब्याऐंशी सुद्धा मिळत नाहीत. पाऊस आला, चिखल झाला, की जनावरे ठेवायला जागा राहत नाही, ती आजारी पडतात. शेवटच्या दोन दिवसांत भाव एकदम चढतो किंवा एकदम कोसळतो, आणि यांपैकी काय होणार हे जुने व्यापारीही सांगू शकत नाहीत. ईद झाली की दुसऱ्या आठवड्यात तेच जनावर कसायाच्या भावाने जाते. २०२० ची ईद आठवा. १ ऑगस्टला बकरीद होती. कोरोनामुळे राज्यात जनावरांचे बाजार बंद ठेवण्यात आले आणि फोनवरून, ऑनलाईन खरेदी करा असे सरकारने सांगितले. ज्यांनी हिवाळ्यापासून जनावरे घेऊन पोसली होती त्यांची चूक काय होती? काहीच नाही. पाने उत्तम होती. त्याआधी २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा राज्यात लागू झाला तेव्हा बैलांच्या मांसाचा आणि कातड्याचा धंदा करणाऱ्यांचा पिढीजात कारभार पाहता पाहता बसला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा गेल्या, आणि मालेगाव-भिवंडीत रोख मजुरी द्यायला पैसा नाही म्हणून माग थांबले. यातली एकही गोष्ट कोणाच्या कागदावरच्या हिशेबात नव्हती.

मी हे केवळ वाचून लिहीत नाही. १९९४ साली मी आणि माझा एक भागीदार, दोघांनी मिळून सूत भरून ठेवले. भाव चढणार अशी बाजारात हवा होती. साठेबाजी म्हणा हवी तर, आज मी तिला तेच म्हणतो. भाव उतरला. भागीदार गाव सोडून गेला. मी समजत होतो की माझ्यावर अर्धेच कर्ज आहे. वकिलाने सांगितले की १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो आणि धनको ज्याला गाठील त्याच्याकडून सर्व वसूल करू शकतो. त्याने मला गाठले. घरातल्या बांगड्या गेल्या, आणि उरलेले देणे फेडायला आठ वर्षे लागली. ज्या टेबलावर मी बसलो होतो त्याला कडाच नव्हती, एवढेच मला त्या वेळी माहीत नव्हते.

आपल्या समाजातले बहुसंख्य व्यापारी आणि कारागीर एकट्याच्या नावावर किंवा साध्या भागीदारीत धंदा करतात. त्यांच्यासाठी कायद्याने दुकान आणि घर यांत भिंत बांधलेली नाही. ती भिंत हवी असेल तर २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित जबाबदारीची भागीदारी आहे, २०१३ च्या कंपनी कायद्याने आलेली एकट्या माणसाची कंपनी आहे. दोन्हींना नोंदणी, हिशेब, दरवर्षीची विवरणपत्रे लागतात, आणि छोट्या माणसाला तो खर्च जड वाटतो, हे खरे. शिवाय बँक कर्ज देताना घरमालकाची वैयक्तिक हमी मागते आणि त्या एका सहीने बांधलेली भिंत पुन्हा पडते. म्हणून सही कशावर करतो आहोत ते वाचावे. उर्दूत किंवा मराठीत समजावून मागावे, लाज वाटू देऊ नये. कारागिरांनी आणखी एक लक्षात ठेवावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीत कारागिराची हत्यारे, अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. १९०८ च्या इंग्रजी अमलातल्या कायद्यालाही एवढे कळत होते, की माणूस बुडाला तरी उद्या कमावण्याचे साधन त्याच्या हातात राहिले पाहिजे. पण तीच हत्यारे स्वखुशीने तारण लिहून दिली तर गोष्ट वेगळी होते.

आणि आपल्याकडे तर ही कडा फार आधीपासून आहे. मुदारबात एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत असते. नुकसान झाले तर पैसेवाल्याचे लावलेले भांडवल जाते, त्यापुढे त्याच्या घरादाराला हात लागत नाही. मेहनत करणाऱ्याची मेहनत जाते, त्याच्यावर कर्ज चढत नाही, मात्र त्याने बेइमानी किंवा हलगर्जीपणा केलेला नसावा. नबुव्वतपूर्वी पैगंबर साहेब (स.) हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन शामच्या व्यापाराला गेले होते. ती पद्धत आपण पुस्तकात ठेवली आणि व्यवहारात मात्र दागिने आणि घराचे कागद आणले. हजरत साद बिन अबी वक्कास (र.) आजारी असताना त्यांना आपल्या मालाचा मोठा हिस्सा सदका म्हणून लिहून द्यायचा होता, तेव्हा त्यांना एक तृतीयांशापर्यंतच परवानगी मिळाली, आणि वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावू नये हे कारण सांगितले गेले. पुण्यकर्मासाठी ही मर्यादा, मग वीस हजारांच्या भावाच्या आशेसाठी किती असावी? कोणी हजरत अबू बक्र (र.) यांनी तबूकच्या वेळी घरातले सर्व काही आणून ठेवल्याचे उदाहरण देईल. ते नफ्यासाठी आणले नव्हते.

तरीसुद्धा मी असे म्हणत नाही की मोठा डाव कधीच खेळू नये. पोकरमध्ये एक प्रसंग असा असतो की तेथे सर्व लावणेच शहाणपणाचे मानतात, आणि त्यातून आपल्याला घेण्यासारखे आहे. प्रत्येक फेरीत पाळीपाळीने काही रक्कम सक्तीने भरावी लागते. तीन पत्तीतल्या बुटासारखी. तिला 'ब्लाइंड' म्हणतात. स्पर्धेत ही रक्कम वाढत जाते. पत्ते न खेळता नुसते बसून राहिले तरी चकत्या संपत जातात. म्हणून जाणता खेळाडू आपली पुंजी रुपयांत मोजत नाही. किती ब्लाइंड उरल्या त्यात मोजतो. साधारण दहा उरल्या की तो छोट्या छोट्या चाली बंद करतो आणि बरा हात दिसताच सर्व लावतो. दोन उरेपर्यंत थांबत नाही, कारण दोनच उरल्यावर त्याच्या धमकीला घाबरून कोणी पॅक होत नाही.

आपल्या दुकानाची ब्लाइंड म्हणजे भाडे, विजेचे बिल, कामगारांची मजुरी, हप्ता. गल्ल्यातला पैसा या मासिक खर्चाने भागावा आणि किती महिने उरले ते पाहावे. मी असे कित्येक दुकानदार पाहिले आहेत, की वर्ष वर्ष गिऱ्हाईक नसताना 'अल्लाह मालिक है' म्हणत बसतात, आणि दोन महिन्यांचे भाडे उरले की घाबरून कुठूनतरी पैसा उचलून एकदम नवीन लाईन सुरू करतात. तोपर्यंत व्यापाऱ्यांना त्यांची नड कळलेली असते. उधारी बंद होते, माल चढ्या दराने मिळतो. हाच निर्णय आठ-दहा महिन्यांचा खर्च हाताशी असताना घ्यायला हवा होता, मग तो नवीन माल भरण्याचा असो की सरळ दुकान बंद करून उरलेली पुंजी वाचवण्याचा. दुकान बंद करण्याला आपल्याकडे उगीच नामुष्की समजतात. पॅक होणारा माणूस पुढच्या डावाला टेबलावर असतो.

पण येथेही पत्ते आणि व्यापार यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते भाच्याच्या हिशेबातली खरी चूक तीच होती. पोकरमध्ये सर्व लावले की दडपण समोरच्यावर येते. घ्यावे की पॅक व्हावे हे त्याला ठरवायचे असते. व्यापारात सर्व लावले की दडपण आपल्यावर येते. साठ बकऱ्या खरेदी करून ट्रकमधून उतरवल्या त्या क्षणी पत्ते उघडे झाले. जनावर दररोज चारा खाते. कर्ज दररोज डोक्यात घोळते. गिऱ्हाईक संध्याकाळी मुद्दाम उशिरा येते आणि तोंड पाहून भाव करते. ज्याच्या घरी एक लाख पडून आहेत तो म्हणू शकतो, "नाही भाई, या भावाला देत नाही, उद्या या." ज्याने घराचे कागद ठेवले आहेत त्याला हे म्हणता येत नाही. पैसा राखून ठेवण्याचा उपयोग फक्त बुडाल्यावर होतो असे नाही. भाव करताना तोच पैसा आपल्या बाजूने बोलतो.

भाच्याशी मी दोन संध्याकाळी बसलो. त्याच्याच कागदाच्या मागच्या बाजूला दुसरा हिशेब लिहिला. समजा पाच जनावरे दगावली, तीस अकरा हजारांनी गेली आणि उरलेली पंचवीस परत आणून कसायाला सात हजारांनी दिली. हातात आले पाच लाख पाच हजार. त्यातून चार लाखांचे देणे दिले की उरले एक लाख पाच हजार. म्हणजे स्वतःच्या पाच लाखांतले चार लाख साफ. "असे होईलच असे नाही, मामू," तो म्हणाला. बरोबर होते. होईलच असे नव्हते. मी त्याला विचारले, झाले तर पुढच्या वर्षी किती जनावरे घेशील? तो बराच वेळ गप्प होता.

शेवटी त्याने पंचवीस घेतली. साडेतीन लाखांची जनावरे आणि तीस हजारांचा खर्च. एक लाख वीस हजार घरी ठेवले. अम्मीचे दागिने कपाटात राहिले. देवनारला न जाता जवळच्या शहराच्या बाजारात उभा राहिला.

आता जे झाले ते प्रामाणिकपणे सांगतो. त्या वर्षी पाऊस आला नाही. माल कमी आला. एक बकरी वाटेत दगावली, उरलेल्या चोवीस सरासरी एकवीस हजारांनी गेल्या. खर्च वजा जाता एक लाख चोवीस हजार सुटले. साठ घेतल्या असत्या तर तीन लाखांच्या वर सुटले असते. ईदच्या दिवशी गळाभेट झाल्यावर भाचा हसत, पण अगदीच हसण्यावारी नव्हे, म्हणाला, "मामू, तुमच्या सल्ल्याने माझे दोन लाख गेले."

मी त्याला खोटे पाडले नाही. हिशेबाने ते तसेच होते. फारहासुद्धा त्या रात्री नव्वींची जोडी टाकून उठला आणि नंतर समोर काहीच नव्हते हे त्याला कळले. त्याच्याकडे जेवढी माहिती होती तेवढ्यात त्याने ठरवले. मीही तेच केले होते, आणि पाऊस येणार नाही हे मला माहीत नव्हते. आजही भाच्याने तोच कागद आणला तर मी तेच सांगेन. आमच्या बेगमने मात्र त्या वेळी त्याला एवढेच विचारले, की त्या चार रात्री बाजारात तुला झोप लागत होती का? तो म्हणाला, लागत होती.

जाता जाता एक. गोव्याला पणजीत मांडवी नदीवर जुगाराच्या बोटी उभ्या असतात आणि कोकणातून, पुण्यामुंबईतून जाणाऱ्यांत आपली मुलेही असतात. मोबाईलवर पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, पण सवय कायद्याने एका दिवसात सुटत नाही. आपला मुलगा धंद्याच्या गोष्टी जुगाराच्या शब्दांत बोलू लागला, तर वडिलांनी त्याला रागावण्याआधी हा शब्द कुठे शिकलास ते एकदा विचारावे. माझ्या भाच्याला मी विचारले होते. त्याने मान खाली घातली आणि गेल्या हंगामात साडेअकरा हजार रुपये फोनवर गेल्याचे सांगितले. ते त्याच्या कागदावरच्या हिशेबात नव्हते.

या वर्षी तो पस्तीस जनावरांचा विचार करतो आहे. पैसा सगळा स्वतःचा आहे.